चौदा नंबरची घडी

१

शनिवारी दुपारी दोनच्या ठोक्याला मॉरिस एअरी घरातून निघे, तेव्हा त्याच्या कोटाच्या एका खिशात पाईप असे आणि दुसऱ्या खिशात बायकोनं बांधून दिलेलं चीजचं सँडविच. पाईप विसरला तरी बिघडत नाही, क्लिफर्डकडे दहा पडलेले असतात, पण सँडविच विसरून चालायचं नाही, असं तो स्वतःच म्हणायचा. त्याचं कारण सँडविच नव्हतं. सँडविचचा कागद होता.

एव्हिस डावखुरी होती. मेणकागदाची घडी सगळं जग घालतं तशी ती घालत नसे. उजवी बाजू आधी, डावी तिच्यावर, आणि शेवटचा कोपरा आत असा खोचायचा की अंगठा लावून ओढलं की सबंध कागद एका झटक्यात उलगडावा. कुठे फाटणं नाही, कुठे सुरकुती नाही. थॉर्नबेकमधल्या डकेटच्या तंबाखू कारखान्यात सोळाव्या वर्षापासून अकरा वर्षं तिनं डब्या भरल्या होत्या, त्या हाताची ही सवय. संसाराला अठ्ठेचाळीस वर्षं झाली तरी मॉरिस तो कागद दर शनिवारी नव्यानं न्याहाळायचा. माणूस तसा महातक्रारखोर. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्याची उभी हयात लोकांच्या नळाच्या पाण्यात खोट काढण्यात गेली होती. पण बायकोच्या कामात त्यानं कधी खोट काढली नव्हती.

क्लब म्हणजे क्लिफर्ड टायसनच्या भाजीच्या वाफ्यांमागची लाकडी खोपटी. पबमध्ये धूर बंद झाल्यापासून गावातले सहा पाईपवाले तिथे जमायचे. क्लिफर्ड म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर, तोंडाचा फाटका आणि मनाचा राजा. थेल्मा पोसल ही गावातली शेवटची तंबाखूवाली. तीही पाईप ओढायची, लहानसा, काळा. विषय ठरलेला असे. काय काय बंद झालं, काय काय बदललं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ‘डकेट्स ब्राउन’.

ज्यानं ती तंबाखू ओढली नाही त्याला काय सांगावं? दाबून वडी केलेली, मग पातळ पट्ट्या कापलेली गडद तपकिरी पानं. डबी उघडली की आधी सुकं गवत, मग जिरॅनियमची पानं चुरडल्याचा वास, आणि सगळ्यांत शेवटी, पाईप निम्मा संपल्यावर, काहीतरी ऊबदार, ज्याला कुणालाच नाव देता आलं नव्हतं. पुढे कारखाना बंद पडला. नाव परदेशी विकलं गेलं. झाकणावर ‘तीच पाककृती’ असं छापून आलं आणि आत भलतंच आलं.

“त्यापेक्षा बसमधलं पायपुसणं पेटवून ओढावं,” क्लिफर्ड म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी तेही बंद झालं तेव्हा मात्र त्यानंच टोपी काढून दोन मिनिटं उभं राहायला लावलं होतं, आणि खोपटीत कुणी हसलं नव्हतं.

त्या ऑक्टोबरातल्या शनिवारी थेल्मानं टेबलावर एक गोल डबी ठेवली. साधी, हिरवी. झाकणावर जुन्या अक्षरात ‘डकेट्स ब्राउन’.

“दुकानाच्या दाराशी खोकं होतं. सहा डब्या. वर ‘नमुना’ एवढंच लिहिलेलं,” ती म्हणाली. “उघडा मिस्टर एअरी, नाक तुमचं.”

मॉरिसनं झाकणाच्या फटीत नाणं घालून पिळलं. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. आतली हवा काढून बंद केलेली डबी उघडली की बाहेरची हवा आत ओढते, एक छोटा श्वास घेतल्यासारखी. ही डबी तसं करीना. तिनं श्वास सोडला. हलका, लांब, आणि त्याच्या मनगटाला लागला तेव्हा कोमट.

आत पानं आंबून वायू धरला असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. होतं तसं कधीकधी. मग त्यानं कागद उघडला, आणि खोपटीत जिरॅनियमचा वास पसरला. क्लिफर्डनं चक्क डोळे पुसले.

कागदाखाली एक चिठ्ठी होती, बोटभर रुंदीची. ‘ही डबी कामगार क्र. ११ यांनी भरली आहे. काही सांगायचे असल्यास ही चिठ्ठी परत पाठवावी. मुकादम, भरणी विभाग, मिल लेन, थॉर्नबेक.’

“जाहिरातीची युक्ती,” क्लिफर्ड म्हणाला. “मिल लेनवर आता फ्लॅट आहेत. तिथे माझी पुतणी राहते, तिला साधा पालक नि कोबी ओळखता येत नाही, ती कसली तंबाखू भरते!”

२

“अकरा?” एव्हिसनं चष्मा वर करून चिठ्ठी पाहिली. “म्हणजे मेबल गार्नेट. बिचारी. तिच्या अंत्यविधीला मीच तर केक नेला होता.”

“हा कुणी दुसरा अकरा असेल गं.”

“असेल बाबा.” तिनं डबीतला कागद उचलून उजेडात धरला. “पण घडी तिचीच. बघ, डावी आधी, उजवी वर, नि मधे नखानं चरा ओढलेला. किती वेळा सांगायचे तिला, नख मारू नकोस, कागद दुखावतो. ऐकेल तर शपथ.”

दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. ती डाव्या टोकाला, नेहमीसारखी, म्हणजे तिचा डावा कोपर कुणाला लागू नये. कारखान्यातही चौदावं स्टूल बाकाच्या अगदी टोकाला होतं, ते त्याचसाठी.

चिठ्ठ्यांची पद्धत मॉरिसला ठाऊक होतीच, पण एव्हिसला सांगायला आवडायचं आणि त्याला ऐकायला. परत आलेली चिठ्ठी मुकादम सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं वाचायचा. कौतुक असलं तरी वाचायचा, शिव्या असल्या तरी वाचायचा. तक्रार असली, तर भोंगा झाल्यावरही त्या मुलीला घरी जाता येत नसे. पुन्हा भरायचं, पुन्हा दाखवायचं, मुकादम ‘पास’ म्हणेपर्यंत.

“मेबल एकदा साडेआठपर्यंत थांबली होती. रडत.”

“आणि तू?”

“माझी तक्रार कधीच नाही आली. चिठ्ठी एकच आली.” ती गालात हसली. “ती कुणा शहाण्याची होती ते तुला माहीत आहे.”

चोवीस वर्षांच्या मॉरिसनं त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘क्र. १४ यांची डबी उघडताना मला प्रथमच वाटले की कुणीतरी माझा विचार करून काम केले आहे.’ मुकादमानं ते वाचल्यावर अख्खं बाक आठवडाभर एव्हिसला चिडवत होतं. तिनं उलट टपाली लिहिलं, की विचार वगैरे काही नाही, हात डावा आहे. अशी लग्नाची सुरुवात.

मॉरिसनं पाईप भरला. पहिला झुरका घेतला आणि पाईप निम्मा होईपर्यंत ओढत राहिला. सगळं होतं. गवत होतं, जिरॅनियम होतं. शेवटची ती ऊब तेवढी नव्हती.

त्यानं पेन काढलं.

“झालं, बसले साहेब तक्रार लिहायला,” एव्हिस म्हणाली.

त्यानं लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. ‘तंबाखू उत्तम. घडी सामान्य. पूर्वी हे काम क्र. १४ करत असत. त्यांच्या हाताला तोड नाही. त्यांच्यावाचून ही ती डबी नव्हे. त्यांना बसवा.’

“इश्श! या वयात मला स्टुलावर चढवतोस?” ती म्हणाली, पण कानापर्यंत लाल झाली होती. बाहत्तर वर्षांच्या बाईला आपलं काम कुणीतरी अजून आठवतंय याचं सुख काय असतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत चिठ्ठी टाकायला ती स्वतः गेली, पावसाळी टोपी घालून.

३

गुरुवारी दुपारी दाराच्या पायरीवर एक डबी होती. टपालाचा शिक्का नाही, पत्ता नाही.

मॉरिसनं नाणं फिरवलं. डबीनं श्वास सोडला. आतल्या कागदाच्या कोपऱ्याला त्यानं अंगठा लावला, आणि सबंध कागद एका झटक्यात उलगडला.

‘कामगार क्र. १४.’

तो तिथेच, दारातच, पाईप भरून बसला. पाईप निम्मा झाला तशी ती ऊब आली. नाव नसलेली. त्याला भडभडून आलं. आपलं काहीच हरवलं नव्हतं, हरवलं असं इतकी वर्षं उगाच वाटत होतं, असं त्याच्या मनात आलं. चिठ्ठीवर त्यानं तेच लिहिलं जे जगातला प्रत्येक पाईपवाला आपल्या आवडत्या तंबाखूच्या कंपनीला लिहीत आला आहे: ‘हेच ते. कृपा करून हे आता कधीही बंद करू नका. जितके देता येईल तितके द्या, आयुष्यभर पुरेल इतके.’ एव्हिसला दाखवायचीही वाट न पाहता तो ती पेटीत टाकून आला.

एव्हिस बैठकीत खुर्चीवर झोपली होती. दुपारची झोप तिला कधी माहीत नव्हती.

“एव्हिस, ऊठ, हे बघ तर!”

ती जागी झाली, त्याच्याकडे जरा अनोळखी नजरेनं पाहिलं, आणि मग कागदाकडे.

“छान घातलीय,” ती हळू म्हणाली. “कोपरा जरा सैल आहे. सवय गेली होती.”

“कुणाची सवय?”

“काय?” तिनं डोळे चोळले. “झोपेत होते रे मी. काय म्हणाले?”

तिच्या डाव्या अंगठ्याचं टोक तपकिरी दिसत होतं. अक्रोडाचं लोणचं घातलंयस का, असं त्यानं विचारलं. घातलं असेल, ती म्हणाली. अक्रोडाचा डाग चटकन जात नाही, हे केमिस्टला ठाऊक होतं. त्यानं तेवढ्यावर समाधान मानलं.

४

क्लबनं ती तंबाखू डोक्यावर घेतली. थेल्माच्या दाराशी आता दर सोमवारी खोकी येऊ लागली, आणि प्रत्येक डबीत चौदा नंबर. आपल्या एव्हिसचा नंबर तोच म्हटल्यावर काय विचारता! क्लिफर्डनं टेबलावर चढून भाषण केलं.

“मंडळी, कंपनीनं आपल्या वहिनीच्या नावानं गादी चालवली आहे! केमिस्टा, तू गप्प का? तुझी बायको जगात प्रसिद्ध झाली नि तुझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं?”

“एव्हिसला बरं नाहीये.”

“हिवाळा आहे, सगळ्यांनाच बरं नसतं.”

एकदा बंद पडलेली तंबाखू परत मिळाली की पाईपवाला शहाण्यासारखा वागत नाही. तो साठा करतो. माळा भरतो, पलंगाखाली भरतो, मुलांच्या जुन्या खोल्या भरतो. उद्या पुन्हा बंद झालं तर? ही भीती त्याला जन्मभर पुरते. साही जणांनी चिठ्ठ्या पाठवल्या. थेल्मानं लिहिलं ‘दोनशे’. क्लिफर्डनं लिहिलं ‘चौदा नंबरला उसंत देऊ नका’, आणि आपल्या विनोदावर आपणच हसला.

एव्हिस आता रोज एक वाजता खुर्चीवर बसायची आणि बसल्या बसल्या झोपायची, ती सहाला उठायची. एक ते सहा. कारखान्याची दुपारची पाळी एक ते सहा असायची. योगायोग म्हणून मॉरिसनं ते सोडून दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी सोडून देता येईना.

तिचे हात हलत होते. मांडीवरच्या शालीवर. उजवीकडून घ्यायचं, डावीकडून वर, कोपरा आत. एका डबीचं झालं की हात पुढे ढकलायचे, की पुन्हा उजवीकडून. मिनिटाला तीन. एवढ्या सफाईनं की तो भीती विसरून क्षणभर नुसता बघत राहिला. काय हात होते! मग त्याला आवाज ऐकू आला, पत्र्याची झाकणं एकमेकांवर ठेवल्याचा, अगदी बारीक, भिंतीपलीकडून यावा तसा. भिंतीपलीकडे परसातली कोबी होती.

“सरक ना मेबल,” एव्हिस झोपेत म्हणाली. “कोपर लागतोय.”

मॉरिसनं तिला हलवलं. हाक मारली. थंड पाण्याचा हात तोंडावरून फिरवला. ती सहालाच उठली.

“दमले रे,” म्हणाली. “सगळ्या म्हणतात, तुझ्या नवऱ्यानं आणलं तुला परत.”

माणूस घाबरला की जे येतं ते करतो. मॉरिसला परीक्षण येत होतं. दुसऱ्या दिवशी एक वाजून गेल्यावर त्यानं जुन्या पेटीतली जांभळी औषधी शाई काढली. ती कातडीवरून आठवडाभर जात नाही. काडीच्या टोकानं त्यानं तिच्या डाव्या अंगठ्यावर एक ठिपका दिला. हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

५

शनिवारी क्लिफर्डनं नव्या डबीचा कागद उलगडला आणि म्हणाला, “च्यायला, डाग.”

कोपऱ्यावर, जिथे घडी खोचताना अंगठा टेकतो तिथे, जांभळा ठिपका होता. कागदावर अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या.

“ओढू नका. मागवू नका,” तो म्हणाला. “हे सगळं थांबवा. क्लिफर्ड, हात जोडतो.”

“का रे? काय खोट आहे?”

“खोट नाही. ते एव्हिस करते आहे.”

मग थेल्मानं त्याच्या हातावर हात ठेवला. “मिस्टर एअरी, तुम्ही फार काळजी करताय. त्यांना डॉक्टरांना दाखवा.”

“आणि तू दाखव स्वतःला,” क्लिफर्ड म्हणाला, पण मायेनं म्हणाला. “गड्या, तीस वर्षं ऐकतोय तुझ्या तक्रारी. पाणी कडू, पाव ओला, तंबाखू पोकळ. आता देवानं चांगली तंबाखू दिली, तर म्हणतोस बायको भरते! ओढ नि गप्प बस.”

जन्मभर तक्रार करणाऱ्याची खरी तक्रार कुणाच्या कानी जात नाही, हे त्याला त्या खोपटीत कळलं. तो तिथून थेट मिल लेनला गेला. फ्लॅटच होते. खिडक्यांत कुंड्या, जिन्यात सायकली. त्यानं दगडी भिंतीला हात लावला. थंडीच्या दिवसात भिंत कोमट होती. पलीकडे गरम पाण्याचे नळ असतील, असं तो मोठ्यानं म्हणाला. बाजूनं जाणाऱ्या बाईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

६

रविवारभर तो विचार करत बसला. कौतुक केलं की काम वाढतं. मग उरतं काय? वाईट कामाच्या मुलीला कारखाना ठेवत नाही. एव्हिस चांगलं भरते म्हणून तिथे आहे. ती वाईट भरते असं म्हटलं तर सोडतील.

कागदावर ते लिहायला त्याला तासभर लागला. अठ्ठेचाळीस वर्षांत जे वाक्य त्याच्या तोंडून थट्टेतही गेलं नव्हतं, ते त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘क्र. १४ यांचे काम निकृष्ट आहे. कागदावर डाग. घडी ढिसाळ. यांना काढून टाकावे.’ खाली सही केली. पेटीत टाकल्यावर त्याला हलकं वाटलं.

सोमवारी एव्हिस सहाला उठली आणि ओंजळीत तोंड घालून रडू लागली.

“आज वाचलं,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर. तुझ्या सहीसकट.”

“एव्हिस, अगं, ते मी...”

“डाग म्हणे. मला काय माहीत डाग कसला? घासघासून हात धुते मी.” तिनं जांभळा अंगठा त्याच्यापुढे धरला. “ढिसाळ, मॉरिस? ढिसाळ?”

“तुला सोडवायला लिहिलं गं. वाईट कामावर काढून टाकतील म्हणून. माझं डोकं फिरलं होतं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. कामाची माणसं अपमान झाल्यावर जशी ताठ होतात, तशी ती ताठ झाली होती.

“वाईट कामावर कुणाला काढत नाहीत रे,” ती म्हणाली. “थांबवतात. तुला सांगितलं होतं मी.”

तेव्हा त्याला मेबल आठवली, साडेआठपर्यंत थांबलेली.

मंगळवारी एक वाजता एव्हिस खुर्चीवर बसली. बसण्याआधी तिनं केस नीट विंचरून मागे बांधले, कामावर जाताना बांधायची तसे. सहाला ती उठली नाही. सातलाही नाही. डॉक्टर येऊन गेले. नाडी ठीक, श्वास ठीक, गाढ झोप आहे, उद्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत तर दवाखान्यात हलवू, असं म्हणाले. तिचे हात चालूच होते. थंडीनं होत असेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि तिकडे पुन्हा पाहिलं नाही.

७

बुधवारी सकाळी पायरीवर एकच डबी होती.

मॉरिसनं ती उघडली. श्वास आला, थकलेला, तुटक. कागदावर डाग नव्हता. घडी अशी होती की तिला हात लावायचा त्याला धीर होईना. असं सुंदर काम त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. चिठ्ठीवर एव्हिसचं डावीकडे झुकणारं अक्षर होतं: ‘क्र. १४. दोष दुरुस्त केला आहे. तपासून कळवावे.’

तो बैठकीच्या दाराशी आला. खुर्चीची पाठ त्याच्याकडे होती. समोर बशांचं काचेचं कपाट. सकाळच्या राखाडी उजेडात काचेत खोली दिसायला हवी होती. काचेत लांब बाक होतं. खाली वाकलेल्या पांढऱ्या टोप्या, एकीला लागून एक, आणि टोकाच्या स्टुलावर एक बाई, डावा कोपर बाहेर काढून. तिच्या मागे कुणीतरी उभं होतं, हातात चिठ्ठी घेऊन, वाट पाहत. त्यानं पापणी मिटली, आणि मग नुसत्या बशा होत्या.

पेन सापडेपर्यंत त्यानं दोन खण उलटे केले. ‘पास. दोष कधीच नव्हता. चूक माझी. आता तिला घरी सोडा.’ तो घरातल्या चपला घालूनच कोपऱ्यापर्यंत पळत गेला. चिठ्ठी पेटीत पडल्याचा आवाज आला आणि त्याच वेळी, चाळीस वर्षांपूर्वी भंगारात गेलेला कारखान्याचा भोंगा वाजला. रस्त्यावर कुणी मान वर केली नाही.

घरी किटली शिट्टी घालत होती.

ती स्वयंपाकघरात उभी होती. केस मोकळे, गाल लाल, तोंडावर झोपेची सूज. “कुठे हिंडतोस घरातल्या चपला घालून?” ती म्हणाली, आणि मॉरिस तिच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. तिनं त्याची पाठ थोपटली, चहा दिला, आलं घातलेला केक कापला. दोघं टेबलाशी बसली. बसताना कोपराला कोपर लागला. त्याच्या ध्यानात आलं, पण त्याला इतकं सुख झालं होतं की त्यानं ते ध्यानातून काढून टाकलं.

शनिवारी तिनं सँडविच बांधून दिलं. खोपटीत सगळ्यांनी एव्हिसची चौकशी केली. मॉरिस हसत हसत खिशातून पुडी काढून कोपऱ्याला अंगठा लावून ओढू लागला. कागद फाटला.

डावी बाजू आधी होती. उजवी तिच्यावर. मध्ये नखानं ओढलेला सरळ चरा, अकरा नंबरच्या डबीत होता तसा.

समोर क्लिफर्ड नव्या डबीत नाणं फिरवत होता. झाकण निघालं. श्वास बाहेर आला, आणि यावेळी मॉरिस इतका जवळ होता की तो त्याला गालावर लागला. तो श्वास त्यानं अठ्ठेचाळीस वर्षं शेजारच्या उशीवर ऐकला होता.

“चौदा,” क्लिफर्डनं चिठ्ठी वाचली. “काय हात आहे रे बाईचा! आयुष्यभर पुरेल आता.”

“उघडू नकोस,” मॉरिस म्हणाला. “बाकीच्या उघडू नकोस. मला दे. सगळ्यांच्या मला द्या.”

“बघा, बघा! मागवू नका म्हणणारा!” सगळे हसले, पण त्याचं तोंड पाहून थेल्मानं दहा डब्या पिशवीत घालून दिल्या. तो त्या छातीशी धरून चालत घरी आला. एका डबीत एकच श्वास, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

पुढच्या खोलीत नवी खोकी येऊन पडली होती, छतापर्यंत. तिनं ती नीट रचून ठेवली होती. स्वयंपाकघरात चहाच्या कपात ती उजव्या हातानं चमचा फिरवत होती, त्याच्याकडे पाठ करून.

“कसं होतं सँडविच?” तिनं विचारलं. “बरोबर बांधलं होतं ना? काही तक्रार?”

मॉरिसनं पिशवी हळूच खाली ठेवली, आतल्या डब्या एकमेकींवर आपटू नयेत अशी.

“नाही,” तो म्हणाला. “काही तक्रार नाही.”